अबोला

अबोला (पु.) : बोलता येत असताना आणि समोरचे माणूस आपल्या शब्दाची वाट पाहत असताना ठरवून न बोलणे. मराठीत अबोला ‘धरतात’, जसा हट्ट धरतात किंवा राग धरतात. एकदा धरला की तो कुणीतरी सोडावा लागतो. नवरा-बायको आणि प्रेमात पडलेली जोडपी यांच्यातल्या बिघडलेल्या संवादाचे हे सर्वांत ओळखीचे रूप. त्यात आरडाओरडा नसल्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही ते फारसे गंभीर वाटत नाही.

रुसवा आणि अबोला यांत मात्र गल्लत करू नये. रुसवा काढायचा असतो. रुसलेल्या माणसाने मनधरणीसाठी दार किलकिले ठेवलेले असते. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तल्या आठ नायिकांमध्ये कलहांतरिता आहे. भांडणात प्रियकराला दूर लोटून मागाहून तळमळणारी ही नायिका, म्हणजे तिचेही दार किलकिलेच असते. रामायणातली कैकेयी क्रोधागारात जाऊन पडते ती दशरथाने यावे म्हणूनच, आणि तो आल्यावर काय हवे ते स्पष्ट मागते. अबोल्यात मागणे सांगितलेच जात नाही. ‘काय झालं?’ला ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि आपले काय चुकले हे शोधण्याचे काम समोरच्यावर पडते.

घरातला अबोला कसा दिसतो? रात्रीचे साडेआठ. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या, टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा. ओटा आणि सोफा यांत दहा पावलांचे अंतर. ‘बाबांना सांग, पानं घेतलीत.’ सात वर्षांची मुलगी दहा पावले जाते. ‘आईला सांग, भूक नाही.’ मुलगी परत येते आणि सांगते, ‘बाबा म्हणाले, थोड्या वेळाने जेवतो.’ निरोप बदलायचा असतो हे तिला कुणी शिकवलेले नाही. वाक्यातली धार आपणच काढून घ्यायची, हे ती या वयात शिकली आहे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठात, मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी रॉबर्ट लेव्हनसन यांच्यासह 1986 मध्ये जोडप्यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. जोडप्याला एका वादाच्या विषयावर बोलायला सांगायचे, चित्रण करायचे, त्याच वेळी दोघांच्या नाडीची नोंद घ्यायची, अशी ही पद्धत. नाते पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी सांगितल्या : वागण्याऐवजी माणसावरच टीका, तुच्छता, स्वतःचा सतत बचाव आणि भिंत होऊन बसणे. यांतली तुच्छता त्यांना सर्वांत घातक वाटते. चौथी सवय म्हणजे आपला अबोला, निदान त्याचा सख्खा भाऊ. भिंत होणाऱ्यांत सुमारे 85 टक्के पुरुष असल्याचे त्यांनी नोंदवले.

नाडीची नोंद इथे डोळे उघडणारी ठरली. वरून निर्विकार दिसणाऱ्या नवऱ्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरावर गेलेले आढळत. म्हणजे ज्याला बायको ‘दगड’ म्हणते तो आतून उकळत असतो, आणि त्या अवस्थेत ऐकून घेण्याची, नीट विचार करण्याची ताकद उरत नाही. एका प्रयोगात संशोधकांनी ऐन वादात जोडप्यांना थांबवले, यंत्रात बिघाड झाल्याचे सांगितले आणि अर्धा तास नुसती मासिके वाचायला दिली. पुन्हा बोलायला बसल्यावर ठोके उतरलेले होते आणि त्याच विषयावरचे बोलणे मऊ झाले होते. समुपदेशक निदान वीस मिनिटांची विश्रांती सुचवतात ती याचसाठी. ‘आत्ता नको, जेवल्यावर बोलू’ म्हणून उठणे आणि एक शब्द न बोलता उठून जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात परत येण्याची वेळ ठरलेली असते.

दुसरा नमुना पाठलाग आणि पळ यांचा. एकाने विषय काढायचा, दुसऱ्याने टाळायचा. टाळले म्हणून पहिल्याने आवाज चढवायचा, चढवला म्हणून दुसऱ्याने आणखी मिटायचे. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांच्या 1990 च्या अभ्यासात, बदल बायकोला हवा असेल तेव्हा ती मागे लागते आणि नवरा मिटतो हे ठळकपणे दिसले. बदल नवऱ्याला हवा असलेल्या विषयात मात्र हा फरक उरला नाही. तेव्हा ‘बायका कटकट करतात’ हे निदान अपुरे आहे. घर जसे चालले आहे तसे कुणाच्या सोयीचे आहे, हे आधी विचारायला हवे.

ज्याच्याशी अबोला धरला जातो त्याचे काय होते? किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाला या विषयाचा धागा एका बागेत सापडला. दोन अनोळखी माणसे त्याच्याशी तबकडी फेकण्याचा खेळ खेळू लागली आणि अचानक त्याला वगळून आपसांतच खेळत राहिली. त्यावरून त्याने संगणकावरचा चेंडूफेकीचा खेळ तयार केला. नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी 2003 मध्ये 13 जणांना हा खेळ मेंदूचे चित्रण होत असताना खेळायला दिला. वगळले गेल्यावर मेंदूचा जो भाग सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेशीही जोडलेला आहे. अनोळखी माणसांनी चेंडू न टाकण्याचा हा परिणाम. रोज एकाच पलंगावर झोपणाऱ्याने पाठ फिरवली की काय होत असेल!

मोबाइलने अबोल्याला नवी साधने दिली. व्हॉट्सअॅपवर 2014 च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचले, पण उत्तर दिले नाही’ हे डोळ्यांना दिसू लागले. लग्नाआधीच्या नात्यांत भांडण झाले की आधी ‘सीन’ करून सोडणे, मग डीपी काढणे, शेवटी ब्लॉक करणे हा क्रम तरुणांच्या चांगलाच ओळखीचा आहे.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचा समावेश आहे. समर घोष यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसता कोरडेपणा म्हणजे क्रूरता नव्हे. पण उपेक्षा आणि उद्धटपणा संसार असह्य होण्याइतके वाढले तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. जिथे तोंड उघडले की हात उठतो, तिथल्या बाईच्या गप्प राहण्याला मात्र अबोला म्हणू नये. ती स्वतःचा जीव सांभाळत असते.

अबोला सुटतो तो बहुधा कामाच्या वाक्याने : ‘गॅस संपलाय’, ‘किल्ली कुठे ठेवलीस?’, ‘चहा टाकू?’ गॉटमन अशा लहानशा प्रयत्नांना फार मोल देतात, आणि ते खरेच मोलाचे असतात. कारण पहिले वाक्य बोलणाऱ्याला आपला मान बाजूला ठेवावा लागतो. पण पुष्कळ घरांत चहा पिऊन होतो, निरोप्याचे काम सुटलेली मुलगी खेळायला पळते, आणि ज्या गोष्टीवरून चार दिवस घर मुके होते ती गोष्ट मात्र तशीच राहते.