डॉल्फिनच्या कॉकपिटमधला मुंबईकर

१/
एप्रिलमधली सोलापूरची दुपार. बाहेर पारा चाळिशीपार गेलेला, खोलीत पंखा गरगरतो आहे आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र जून १९१८ मधले फ्रान्सचे आकाश उघडले आहे. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नाद असलेल्या तरुणाला हे दृश्य नवे नाही. पडद्यावरचे विमान आहे ब्रिटिशांचे सॉपविथ डॉल्फिन. याच जातीच्या विमानातून मुंबईचा एक तरुण पहिल्या महायुद्धात लढला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा धागा त्या विमानाविषयी, हौशी मंडळींनी घडवलेल्या मॉडविषयी आणि त्या तरुणाविषयी.

२/
मॉड म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनीच केलेला बदल. बहुतेक मॉड खेळ सजवतात किंवा सोपा करतात. वास्तवाग्रही मॉड तो मुद्दाम अवघड करतात. शत्रूची जागा दाखवणाऱ्या खुणा पडद्यावरून जातात. मशीनगन ऐन वेळी अडकते. ताणलेले इंजिन बंद पडते. वैमानिक मेला की त्याची कारकीर्द तिथेच संपते. यात आनंद कसला, असे नवख्याला वाटेल. पण दहा वेळा आपटल्यानंतर अकरावे उड्डाण सुखरूप धावपट्टीवर टेकते, तेव्हा त्या काळातील वैमानिकाच्या कसबाचा एक अंश हाताला कळलेला असतो.

३/
या हौशी परंपरेला आता बराच इतिहास आहे. १९९८ मध्ये आलेल्या ‘फाल्कन ४.०’ चा मूळ कोड २००० मध्ये बाहेर फुटला आणि चाहत्यांच्या गटांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले. आजचे ‘फाल्कन बीएमएस’ हे त्याचे फळ. मायक्रोसॉफ्टचे २००२ मधले ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर ३’ दुसऱ्या महायुद्धाचे होते. ‘ओव्हर फ्लँडर्स फील्ड्स’ या प्रकल्पाने ते पहिल्या महायुद्धात नेले. ‘राइज ऑफ फ्लाइट’साठी ‘पीडब्ल्यूसीजी’ नावाची विनामूल्य मोहीम-प्रणालीही अशीच हौसेतून घडली.

४/
या मंडळींची कार्यपद्धती इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित वाटेल. कोणती स्क्वाड्रन कोणत्या तारखेला कोणत्या तळावर होती, तिच्याकडे तेव्हा कोणते विमान होते, समोर कोणत्या जर्मन तुकड्या होत्या, हे जुन्या नोंदींतून पडताळले जाते. विमानाचा वेग आणि चढण्याची गती तत्कालीन चाचण्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिली जाते. दोन साधने परस्परविरोधी बोलू लागली की वाद झडतात, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. पदवी नसली तरी हे साधनचिकित्सेचेच काम आहे.

५/
आता डॉल्फिनकडे वळू. हर्बर्ट स्मिथ यांनी रचलेले हे विमान १९१७ मध्ये प्रथम उडाले आणि १९१८ च्या आरंभी आघाडीवर आले. त्याची ठेवण विचित्र होती. वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकलेला. त्या वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून वैमानिकाचे डोके बाहेर येई. त्यामुळे वर आणि पुढे पाहण्यास कसलाही अडथळा नसे. समोर दोन व्हिकर्स मशीनगन, शिवाय वरच्या दिशेने मारा करणाऱ्या दोन लुईस गन बसवण्याची सोय. ही ठेवण इतकी अनोळखी होती, की सुरुवातीला मित्रपक्षाच्याच वैमानिकांनी डॉल्फिनला शत्रू समजून हल्ले केले.

६/
जी रचना दृष्टी देत होती, तीच भयही देत होती. उतरताना विमान उलटले तर पंखाच्या वर आलेल्या डोक्यावर आणि मानेवर सारा भार येण्याचा धोका. लुईस गन सुटून वैमानिकाच्या तोंडावर आदळण्याची भीती. म्हणून अनेकांनी त्या काढूनच टाकल्या. २०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा इंजिनाचे दंतचक्र दगा देई. अतिउंचावर डॉल्फिन उत्तम चाले, पण तिथे थंडी आणि विरळ हवा वैमानिकाला बधिर करी. आणि त्या युद्धात ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट दिलेच जात नव्हते.

७/
डॉल्फिन वापरणाऱ्या स्क्वाड्रनपैकी एक होती २३ क्रमांकाची. तिच्यात १९१८ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर हे नाव आढळते. मुंबईचे रहिवासी, केंब्रिजचे विद्यार्थी, विशीतले तरुण. युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या काही हिंदी तरुणांना विमानदलाचे वेध लागले. त्यांपैकी वेलिंगकर एक होते.

८/
पण कॉकपिटचे दार त्यांच्यासाठी उघडे नव्हते. लढाऊ अधिकारी म्हणून राजाचे कमिशन मिळणे हिंदी माणसाला जवळजवळ अशक्य होते. ही वर्णाधारित बंदी शिथिल करण्याचा निर्णय १९१७ च्या ऑगस्टमध्ये झाला. ऑक्सफर्डचे हरदित सिंग मलिक यांना आधी नकारच मिळाला. ते फ्रेंच रेडक्रॉसकडे रुग्णवाहिकेचे चालक म्हणून गेले. फ्रेंच विमानदल आपल्याला घ्यायला तयार आहे, असे त्यांनी आपल्या शिक्षकाला कळवले. त्या शिक्षकाने विमानदलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले आणि मगच दार किलकिले झाले.

९/
अशा वाटांनी आघाडीवर पोहोचलेल्या हिंदी वैमानिकांत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. मलिक जखमी झाले, पण वाचले. पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. एरॉल चंदर सेन सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय नोंदवले आणि २२ जुलैला ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय १९ होते. चौथे वेलिंगकर.

१०/
२७ जून १९१८. वेलिंगकरांचे डॉल्फिन गस्तीवरून परतले नाही. ते जर्मनांच्या ताब्यातील भूभागात कोसळले होते. जखमी वेलिंगकर तीन दिवसांनी, ३० जूनला, शत्रूच्या हाती असतानाच मरण पावले. घरच्यांपर्यंत खात्रीची बातमी लगेच पोहोचली नाही. दफन करणाऱ्यांना हे परके नाव नीट वाचताही आले नव्हते. ते विपर्यस्त रूपात नोंदले गेले. युद्ध संपल्यानंतर शोधाशोध झाली, तेव्हा कुठे त्या कबरीची ओळख पटली.

११/
त्याच सोम नदीच्या खोऱ्यात दोन महिने आधी, २१ एप्रिलला, ‘रेड बॅरन’ रिख्टहोफेन पडला होता. तो शत्रू, तरीही ऑस्ट्रेलियन विमानदलाने बर्तांगल येथे त्याला लष्करी इतमामाने पुरले, मानवंदना दिली, छायाचित्रे काढली. त्याचे नाव आज प्रत्येक सिम्युलेटरमध्ये आहे. ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेल्या वेलिंगकरांच्या वाट्याला प्रथम एक चुकीचे नाव आले. आता अमियाँजवळच्या हांगार येथील युद्धस्मशानभूमीत त्यांचे खरे नाव कोरलेले आहे; साम्राज्याच्या शूरतम पुत्रांपैकी एक, असा गौरव त्या शिळेवर आहे. त्याच साम्राज्याने या पुत्राच्या देशबांधवांना कमिशन नाकारले होते, हे त्या शिळेवर नाही.

१२/
मग ‘वास्तव’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. मॉडमधला डॉल्फिन इंजिनाच्या दोषासह खरा असू शकतो. वारा खरा, ढग खरे, पॅराशूट नसणे खरे. पण सोलापुरातला खेळाडू एक बटण दाबतो आणि थेट कॉकपिटमध्ये बसतो. हिंदी वैमानिकासाठी त्या खुर्चीपर्यंतचा प्रवास हीच पहिली लढाई होती, आणि कोणताही सिम्युलेटर ती दाखवत नाही. सारे खेळ धावपट्टीवर सुरू होतात. हा इतिहास त्याआधी, भरती कार्यालयाच्या दारात सुरू होतो.

१३/
हा मॉड बनवणाऱ्यांवरचा आक्षेप नव्हे. साधने बोलतात तेवढेच मॉड बोलतो, आणि यंत्राविषयीची साधने विपुल आहेत. दंतचक्राचा दोष अहवालात लिहिला जातो. दारातून परत पाठवलेल्या तरुणाची नोंद क्वचितच ठेवली जाते. इतिहासलेखनाचीही हीच अडचण आहे. जे मोजले गेले ते टिकते. जे नाकारले गेले ते एखाद्या आठवणीत किंवा चुकीच्या लिहिलेल्या नावात शोधावे लागते.

१४/
तरीही या खेळांचे एक मोल नाकारता येत नाही. मोहिमेसाठी तारीख निवडावी लागते, स्क्वाड्रन निवडावी लागते, वैमानिकाचे नाव टंकावे लागते. एखाद्या संध्याकाळी कोणी जून १९१८ निवडावा, डॉल्फिन घ्यावे आणि त्या कोऱ्या रकान्यात ‘वेलिंगकर’ लिहावे. उड्डाण कदाचित पाच मिनिटांत संपेल. पण जे नाव एकदा चुकीचे लिहिले गेले होते, ते या वेळी तरी बिनचूक लिहिले जाईल.