स्किड-स्टिअर लोडरची इंधनप्रणाली : घरगुती दुरुस्ती

स्किड-स्टिअर लोडर म्हणजे आखूड बांध्याचे, जागच्या जागी वळणारे चारचाकी भरणीयंत्र. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांच्या कामांवर कंपनी कोणतीही असो, त्याला ‘बॉबकॅट’च म्हणतात. टाकीपासून नोझलपर्यंतच्या त्याच्या डिझेलमार्गातील बिघाड मालकाने स्वतःच्या शेडमध्ये काढण्याची रीत अमेरिकेच्या शेतीपट्ट्यात रुजली. त्यामागे काटकसर आहेच, पण अडचणही आहे. बहुतेक लोडरांची चाके द्रवदाबावर चालतात, त्यामुळे इंजिन बंद असले की ती जखडलेली राहतात. बंद पडलेले दोन-अडीच टनांचे धूड धक्का मारून ट्रेलरवर चढत नाही, आणि मेकॅनिककडे न्यायचे तर आधी ते चालू व्हावे लागते.

यंत्राचा जन्मही शेतावरच्या अडचणीतूनच झाला. मिनेसोटातील रॉथसे गावच्या एडी वेलो या टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला कोठाराच्या आत, खांबांच्या दाटीत फिरून घाण काढणारे हलके यंत्र हवे होते. सिरिल आणि लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनी १९५७ मध्ये त्याला तीन चाकांचे लोडर बनवून दिले. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने ती कल्पना उचलली. १९६० मध्ये ‘एम-४००’ हे चारचाकी रूप आले आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव लागले. सुरुवातीची यंत्रे पेट्रोलवर चालत. त्यांची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः कार्ब्युरेटर खोलून धुणे आणि फ्लोटची सुई बदलणे. डिझेल इंजिने आल्यावर दुखण्याचे स्वरूप बदलले.

डिझेलचा मार्ग यंत्रागणिक थोडा बदलतो. सर्वसाधारणपणे तो टाकी, टाकीतली शोषनळी, रबरी हातफुगा, फिल्टर, फीड पंप, इंजेक्शन पंप, पोलादी नळ्या आणि नोझल असा जातो. उरलेले डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परतते. फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा, इंजेक्शन पंपापासून पुढचा दाबाचा. दाबाच्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर येते आणि दिसते. ओढीच्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते, आणि नळी वरून कोरडीठाक दिसते. घरी काम करणारा नेमका इथे फसतो. गळती दिसत नाही म्हणून तो नळ्यांना निर्दोष ठरवतो आणि सगळ्यात महागडा व नाजूक भाग, म्हणजे इंजेक्शन पंप, आधी खोलतो. त्या पंपाचा दोष क्वचितच असतो.

हवा धरल्याची लक्षणे ट्रॅक्टर हाताळणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटतील. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, कारण रात्रीतून डिझेल उतरून टाकीत गेलेले असते. एकदा चालू झाले की रिकामे इंजिन नीट फिरते; बादलीत माती भरून लोडरचे हात उचलायला लागले की ते गुरगुरते, मिसिंग करते, बसते. जुन्या यंत्रांत याची एक चमत्कारिक तऱ्हा आढळते. टाकी भरली की यंत्र ठणठणीत, निम्म्यावर आली की आजारी. टाकीच्या आत लोंबणारी रबरी शोषनळी वर्षानुवर्षे डिझेलमध्ये भिजून मधोमध चिरलेली असते. टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलखाली बुडालेली राहते आणि डिझेलच ओढते. पातळी चिरेखाली गेली की तिथून हवा शिरते. पुन्हा भरले की बरे वाटते, म्हणून मालक डिझेलच्या दर्जाला दोष देत पंप बदलत राहतो. हा बिघाड कुठल्याही गॅसकेटच्या संचाने जात नाही. टाकीच्या तोंडाचे रबरी बूच उपटून आतली नळी बाहेर काढावीच लागते. बोटांत धरून वाकवली की ती सुक्या चिंचेच्या सालीसारखी तडकते.

तपास टाकीकडून वर करत न्यावा. पहिल्यांदा टाकीचे झाकण. त्यातले श्वासछिद्र मातीने बुजले की आत पोकळी तयार होऊन डिझेल अडते. झाकण सैल करताना फुस्स आवाज आला तर दुखणे तिथेच सापडले. मग हातफुगा. दाबल्यावर चपटाच राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर हवा शिरते आहे किंवा त्याची एकतर्फी झडप गेली आहे. फुग्यावरचा बाण इंजिनकडे हवा. उलटा बसवलेला फुगा हा विनोद वाटेल, पण घडतो.

फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घातली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. याहून निर्णायक चाचणी डब्याची. पाच लिटरच्या डब्यात स्वच्छ डिझेल घेऊन फिल्टरच्या आधीची नळी त्यात सोडायची आणि टाकी वगळून इंजिन चालवायचे. नीट चालले तर दोष टाकीकडे. डबा मात्र टाकीच्याच उंचीवर ठेवावा. इंजिनाच्या वर टांगला तर डिझेल आपोआप उतरते, ओढ लागत नाही आणि पुढची फटही झाकली जाते.

अडथळ्यावर कॉम्प्रेसरने उलटी हवा मारण्याचा उपाय लोकप्रिय आहे. तो जेमतेम दिवसभर टिकतो. सुके पान, बुचाचा तुकडा किंवा लेबलाचा कपटा पुन्हा नळीच्या तोंडाशी येऊन बसतोच. टाकी रिकामी करून धुणे हाच खरा इलाज. तळाशी काळा, बुळबुळीत साका दिसला तर तो साधा गाळ नव्हे. डिझेलखाली साचलेल्या पाण्याच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि पाणी काढल्याशिवाय ते हटत नाहीत. थंडीत आणखी एक भर पडते. मिनेसोटा-डकोटाच्या हिवाळ्यात डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बुजतो, म्हणून तिथे हलके, हिवाळी डिझेल वापरतात. तिथे शेतीसाठी मिळणारे करमुक्त डिझेल तांबडे रंगवलेले असते. पारदर्शक नळीत ते पाहिले की बुडबुडे अधिकच उठून दिसतात.

नळी बदलताना डिझेलसाठीचीच घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानातली पांढरी पाइप चाचणीपुरती ठीक. कायम ठेवली तर काही महिन्यांत ताठ होऊन क्लिपखाली सैलावते.

जोडणी झाल्यावर एअर काढणे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत फुगा मारायचा, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, शेवटी एकेका नोझलचा नट अर्धा आटा ढिला करून सेल्फ. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, नाहीतर डिझेल येण्याआधी स्टार्टर जळतो. तरीही इंजिन घेत नसेल तर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड तपासावा. चावी फिरवल्यावर त्याचा टक् आवाज हवा.

नोझल काढले तर तांब्याचे वायसर नवे घालावेत. नव्यांची सोय नसेल तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की तांबे मऊ पडते आणि एकवेळ बसते. इंजेक्शन पंप काढायची वेळ आलीच तर त्याखालचे पातळ शिम जपून ठेवावेत. टायमिंग त्यांच्या जाडीवर असते. कुबोटा कंपनीच्या लहान इंजिनांत पंप परत बसवताना आतल्या रॅकची खुंटी गव्हर्नरच्या चिमट्यात बरोबर अडकावी लागते. ती चुकली तर इंजिन चालू होताच ॲक्सिलरेटरला न जुमानता वाढत जाते. अशा वेळी हवेचे तोंड लाकडी फळीने झाकण्याची तयारी ठेवूनच पहिला सेल्फ मारावा.

दोन धोके जिवावरचे आहेत. लोडरचे उचललेले हात लोखंडी आधाराने अडकवल्याशिवाय केबिनखाली डोके घालू नये. दुसरा डिझेलच्या फवाऱ्याचा. कुबोटाच्या व्ही२२०३ सारख्या इंजिनात नोझल सुमारे १४० ते १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उघडते. त्याचा बारीक झोत कातडी फोडून आत शिरतो. जखम सुईच्या टोचण्याइतकी दिसते, पण तासाभरातच दवाखाना गाठावा लागतो. गळती पुठ्ठ्याने शोधावी, हाताने कधीच नाही. कॉमन रेल असलेल्या नव्या यंत्रांत दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे नट ढिले करून एअर काढण्याची रीत लावू नये; घरचे काम टाकी, नळ्या आणि फिल्टरपुरतेच ठेवावे.