दोन कणांची बॅटरी

मोबाइलच्या पडद्यावर ‘६० टक्के’ असे दिसते, तो आकडा थेट मोजलेला नसतो. बाहेरून मोजता येतात व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि तापमान. आत लिथियम कुठे किती आहे, हे गणितानेच ताडावे लागते. त्या गणिताची हकिगत मला बॅटरीइतकीच रंजक वाटते.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. दोनच वर्षांनी अमेरिकेत बर्कले येथे डॉयल, फुलर आणि न्यूमन या तिघांनी लिथियम घटाचे गणिती मॉडेल मांडले आणि १९९४मध्ये ते लिथियम-आयन घटापर्यंत नेले. इलेक्ट्रोड म्हणजे सलग पत्रा नव्हे. पातळ पत्र्यावर बारीक कणांचा थर असतो आणि फटींत द्रव. रव्याच्या लाडवात पाक आधी कणांमधून फिरतो, मग कणांत मुरतो, तसेच लिथियमचे. त्यामुळे थराच्या प्रत्येक खोलीवर द्रवाचा हिशेब आणि तिथल्या कणाचा पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंतचा हिशेब, असे दुहेरी गणित आले. मोटारीत शेकडो घट असतात. तिथल्या छोट्या संगणकाला हे क्षणोक्षणी झेपणे कठीण.

मग युक्ती निघाली. इलेक्ट्रोडमधले सारे कण सारखेच वागतात असे धरायचे आणि एकच प्रातिनिधिक कण सोडवायचा. दोन इलेक्ट्रोड, दोन कण. द्रव चक्क विसरायचा! धातू-हायड्राइड इलेक्ट्रोडसाठी हे १९९८मध्ये झाले होते. पुढे लिथियमलाही ते लागू केले गेले.

बॅटरी सावकाश वापरली, तर उत्तर छान जुळते. पण जलद चार्जिंगमध्ये मधल्या पडद्यालगतच्या कणांवर जास्त भार येतो. तिथल्या ग्राफाइटला लिथियम सामावून घेणे जमले नाही, तर ते धातूच्या रूपात वर साचते. क्षमता घटते, शॉर्टसर्किटचाही धोका असतो. सरासरीचा कण मात्र सारे ठीक आहे म्हणतो.

टाकायचे ते कधी टाकावे? बरीच वर्षे हे अनुभवाच्या अंदाजाने चालले. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या मार्क्विस आणि सहकाऱ्यांनी मूळ समीकरणांतूनच एक-कण मॉडेल पद्धतशीर काढून दाखवले. द्रवातून आयन पलीकडे पोचायचा वेळ बॅटरी रिकामी होण्याच्या वेळेपुढे नगण्य हवा, ही त्यातली एक मुख्य अट. शिवाय टाकलेला द्रव थोड्याशा दुरुस्तीने परत कसा आणावा, हेही त्यांनी सांगितले. माझ्या मते खरी कामगिरी ही.

याच मंडळींचा हात असलेले ‘पायबॅम’ हे खुले सॉफ्टवेअर आज कोणालाही फुकट मिळते. त्यात दोन्ही मॉडेलांचे आलेख शेजारी ठेवून विद्युतप्रवाह वाढवत न्या; दोन रेषांची फारकत कुठे सुरू होते ते दिसते.