वणव्याच्या वाटेवरील घरे आणि त्यांचा पदव्युत्तर अभ्यास

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ जणांचा बळी गेला आणि दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. मेरीसव्हिल हे गाव जवळजवळ नामशेष झाले. 'ब्लॅक सॅटर्डे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दिवशी अनेकांना मृत्यूने स्वतःच्या घरातच गाठले. ज्या छताखाली आसरा घेतला तेच का टिकले नाही, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणारी विद्याशाखा म्हणजे वणवाप्रवण क्षेत्रातील इमारत रचना.

सिडनीतील वेस्टर्न सिडनी विद्यापीठाने हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला आहे. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, नगररचनाकार आणि अग्निशमन सेवेतील अधिकारी हे त्याचे स्वाभाविक विद्यार्थी. आगीचे वर्तन, वनस्पतींचे वर्गीकरण, बांधकामाचे नियम आणि नियोजनाचा कायदा अशा एरवी वेगवेगळ्या ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी येथे एकत्र येतात.

वणवा घरावर मुख्यतः तीन प्रकारे चालून येतो : प्रत्यक्ष ज्वाळा, प्रारित उष्णता आणि वाऱ्याबरोबर उडणारे निखारे. सामान्य समजूत ज्वाळांना दोष देते. परंतु जळालेल्या घरांच्या पाहणीत निखारे हेच बहुसंख्य घरांच्या नाशाचे कारण आढळले आहे. आघाडीची आग पोहोचण्याच्या आधी आणि ती निघून गेल्यावरही निखाऱ्यांचा मारा चालूच राहतो. पन्हळीत साचलेला पाचोळा, कौलांमधील फट, लाकडी जमिनीखालची पोकळी यांतून ते आत शिरतात. म्हणूनच झरोक्यांना बसवायच्या धातूच्या जाळीचे छिद्र २ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, असा दंडक आहे.

हे दंडक 'ए. एस. ३९५९' या राष्ट्रीय मानकात आहेत. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या मानकाची सुधारित आवृत्ती 'ब्लॅक सॅटर्डे'नंतर महिन्याभरातच आली. २०१८ मध्ये ते पुन्हा सुधारण्यात आले. त्यानुसार प्रत्येक भूखंडाची 'बुशफायर अटॅक लेव्हल', म्हणजेच वणव्याच्या माऱ्याची पातळी, ठरवली जाते. या पातळ्या सहा : 'लो', १२.५, १९, २९, ४० आणि 'फ्लेम झोन'. आकडे प्रति चौरस मीटर किलोवॉटमध्ये उष्णता दर्शवतात. भर दुपारचे कडक ऊन साधारण १ किलोवॉट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ४० या आकड्याची दाहकता कळते.

पातळी ठरवताना प्रदेशाचा अग्निधोका निर्देशांक, वनस्पतीचा प्रकार, तिचे घरापासूनचे अंतर आणि उतार पाहिला जातो. येथे नवखे अभ्यासक हमखास चुकतात. मोजायचा तो घराखालचा उतार नव्हे, तर वनस्पतीखालचा. आग चढावर वेगाने धावते. चढ १० अंशांनी वाढला की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे टेकडीमाथ्यावरचे रम्य दृश्याचे घर अनेकदा सर्वाधिक धोक्याचे ठरते.

या मूल्यमापनाचे परिणाम दूरगामी असतात. पातळी अकारण वरची ठरवली, तर काच, दारे, छप्पर यांचा खर्च वाढून सामान्य कुटुंबाला घर परवडेनासे होते. खालची ठरवली, तर जिवाशी गाठ. अग्निसुरक्षा क्षेत्रातील व्यावसायिक संघटना अशा तज्ज्ञांना तीन स्तरांवर मान्यता देते. पहिल्या स्तरावर कोष्टकाधारे मूल्यमापन येते. नियमांच्या चौकटीबाहेरचा पर्यायी उपाय गणिताने सिद्ध करण्याचे काम तिसऱ्या स्तराचे. पदव्युत्तर शिक्षणाची खरी कसोटी तेथे लागते.

मानकाचे पालन केले म्हणून घर वाचेलच, अशी हमी मात्र खुद्द मानकही देत नाही. आवाराची निगा, हवामान आणि वेळेवर केलेले स्थलांतर यांवर बरेच अवलंबून असते.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या वनांत लागलेल्या आगी आपल्या वाचकांच्या स्मरणात असतील. ऑस्ट्रेलियाची कोष्टके तेथील वनस्पतींसाठी असल्याने ती येथे जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. रान, उतार आणि अंतर मोजून मगच पाया खणायचा, ही शिस्त मात्र डोंगरकुशीत बांधकाम करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.