ब्रेकचा घसारा

आम्ही बी. कॉम. घसारा म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर खतावणी येते. दरसाल दहा टक्के लिहून टाकायचे, की वस्तू कागदावर झिजली. बँकेतली माझी खुर्ची कागदावर कधीच शून्य झाली आहे, तरी ती (आणि तिच्यावरचे आम्ही) अजून शाबूत आहोत. म्हणून, "साहेब, ब्रेक पॅड संपत आलेत," असे मिस्त्री म्हणाला तेव्हा मी त्याला मार्चअखेरचा वायदा दिला.

पॅडला मार्चअखेर ठाऊक नसते. पंधरा दिवसांत पुढच्या चाकातून चिरका आवाज येऊ लागला. मी रेडिओ मोठा केला. आवाज बंद!

या आवाजाचीही गंमत आहे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने 1902 साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे पॅड तांब्याचे. चकतीला लागले की अशी किंचाळी, की रस्त्यावरच्या माणसाने कानांवर हात ठेवावेत. डिस्कला खरी प्रतिष्ठा आली ती 1953 साली, जग्वारने तिच्या जोरावर ल मानची शर्यत जिंकली तेव्हा. आणि आता? पॅड झिजला की ओरडावा म्हणून त्याला मुद्दाम पत्र्याची जीभ लावतात. इतक्या खटपटीने बंद केलेले तोंड पुन्हा उघडले, ते माझ्यासारख्यांसाठी.

पण ब्रेक केव्हा बदलावा हे कळावे तर बर्थाबाईंनाच. कार्ल बेंझने मोटार बनवली, तीही बायकोने लग्नाआधी धंद्यात घातलेल्या हुंड्याच्या पैशांवर. (बँकेच्या भाषेत, तारण नसलेले कर्ज.) पण मोटारीला गिऱ्हाईक मिळेना. 1888 च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थाबाईंनी ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेतले आणि नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, माहेरी, मोटार हाकली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधन संपले, ते वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर पोरांनी ढकलले. उतारावर मात्र लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक झिजून गेले. बाई चांभाराकडे गेल्या आणि ठोकळ्यांवर कातडे ठोकून घेतले. आजच्या पॅडचा मूळ पुरुष तो. बाईंनी वायदा केला नाही.

आम्ही महाबळेश्वरहून परत येत होतो. मागे आई. पसरणी घाट सुरू झाला आणि चिरका आवाज जाऊन खरखर सुरू झाली, लोखंडावर लोखंड. पायाखाली पेडल थरथरू लागले. आईने रामरक्षा सुरू केली. सौ.ने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"अहो, हे काय वाजतंय?"

मी काही बोललो नाही. पुढचा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागे लागलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरने आमच्या घराण्याविषयी जे उद्गार काढले, ते सर्वस्वी योग्य होते.

वाईच्या मिस्त्रीने चाक काढले. पॅडचा मसाला साफ गेलेला, नुसती पट्टी उरलेली, आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा.

"तीन मिलिमीटर उरले तेव्हा पॅड बदलले असते, तर डिस्क वाचली असती."

"लेथवर घासून चालेल ना?" माझ्यातला क्लार्क अजून जिवंत होता.

त्याने डिस्कवर कोरलेला आकडा दाखवला. किमान जाडी 15. मग व्हर्नियर लावला. 14.6. "घासायला ठेवलंयत काय साहेब? आणि एकच बदलून चालणार नाही, दोन्ही बाजूंच्या घ्या."

पॅडच्या पैशांत चहाचाही हिशेब धरणारा मी, डिस्कचे बिल बघून गप्प झालो. पैसे सौ.ने पर्समधून दिले. घरी येताना वातावरण निवळावे म्हणून मी तिला बर्थाबाईंची गोष्ट सांगितली. तिथेच चुकलो.

"मग तिचा नवरा त्या वेळी काय करत होता?"

"झोपला होता," मी म्हणालो.