रस्त्यावरचं क्लॅरिनेट

अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथे जुन्या वळणाच्या अंत्ययात्रेला बँड लागतो. जाताना संथ लयीतली धर्मगीतं आणि दफन आटोपून परतताना पाय थिरकायला लावणाऱ्या चाली. मागून छत्र्या-रुमाल नाचवत येणाऱ्या घोळक्याला 'सेकंड लाइन' म्हणतात. नातवाने यूट्यूब लावून दिल्यापासून मी या बँडची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो आहे, आणि कान सारखे क्लॅरिनेटकडेच जातात.

या बँडमध्ये मूळ चाल कॉर्नेट किंवा ट्रंपेट वाजवतो. ट्रॉम्बोन खालून भरणा करतो. क्लॅरिनेटवाला मात्र चालीभोवती नक्षी काढत हिंडतो. पितळी वाद्यांच्या आणि ड्रमच्या कल्लोळात ती नक्षी ऐकू यावी म्हणून जुन्या बँडमध्ये नेहमीपेक्षा आखूड, उंच आवाजाचं 'ई फ्लॅट' क्लॅरिनेट वापरत.

या वादनाच्या दोन तऱ्हा होत्या. शहराच्या मधून कॅनाल स्ट्रीट जातो. त्याच्या एका बाजूला फ्रेंच बोलणारे, मिश्र वंशाचे क्रिओल लोक. तिथल्या टिओ घराण्यात पिढ्यान् पिढ्या क्लॅरिनेट होतं. धाकटा लोरेन्झो टिओ (१८९३-१९३३) नोटेशन वाचायला शिकवायचा, सूर घोटून घ्यायचा. बार्नी बिगार्ड, ओमर सिमियन हे त्याचेच विद्यार्थी. त्यांचा सूर गोल, स्वच्छ, एकही स्वर न सांडणारा. याच परंपरेतल्या अल्फॉन्स पिकूने 'हाय सोसायटी' या संचलनगीतातला पिकोलोचा तुकडा क्लॅरिनेटवर घेतला आणि पुढे तो नव्या वादकाच्या परीक्षेचा पेपरच होऊन बसला!

पलीकडच्या वस्तीतले अनेक कृष्णवर्णीय वादक कानाने शिकलेले. त्यांच्या वादनात ब्लूजचा हुंदका, मुद्दाम जरा उतरवलेले स्वर. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वेगळ्या डब्यांचा कायदा उचलून धरला. तो होमर प्लेसीही याच शहरातला क्रिओल. कायद्याने दोन्ही वस्त्यांना एकाच रंगाच्या कुंपणात घातलं आणि दोन्ही तऱ्हा एकमेकींत मिसळत गेल्या. सिडनी बेशेने क्रिओल गुरूंकडून धडे घेतले, पण नोटेशन वाचायला तो कधी शिकला नाही.

मला सर्वात जवळचा वाटला जॉर्ज लुइस (१९००-१९६८). स्वतःच शिकलेला, नोटेशन न वाचणारा, गोदीत हमाली करणारा. १९४४ साली गोदीत छातीला मार बसून तो घरी पडून होता. विल्यम रसेल यांनी घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं, ते 'बर्गंडी स्ट्रीट ब्लूज'. पुढे १९५१ मध्ये युरेका ब्रास बँडबरोबर त्याने ई फ्लॅट क्लॅरिनेट वाजवलं. सूर कापरा, पण रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा.

हे ऐकताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. बँडवाल्याच्या घरातला. लग्नसराईत वडिलांबरोबर क्लॅरिनेट घेऊन जायचा आणि आठवडाभर गैरहजर. नवं सिनेमातलं गाणं दोनदा ऐकलं की त्याला वाजवता यायचं. मी वडिलांना बोलावून म्हटलं, "वाजवणं सोडा, पोरगं शिकू द्या." माझ्या लेखी शिकणं म्हणजे पुस्तक वाचणं. तो काय शिकतोय, हे विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही. पुढे त्याने शाळा सोडली, माझ्या बोलण्याने की दारिद्र्याने, देव जाणे.

मायकेल व्हाइट हे क्लॅरिनेटवादक, स्पॅनिशचे प्राध्यापकही होते. १९७५ साली ते डॉक पॉलिन यांच्या बँडमधून रस्त्यावर वाजवू लागले आणि बुजुर्गांच्या शेजारी चालत शिकले. २००५ च्या कॅटरिना वादळात त्यांचं घर बुडालं. पन्नासहून अधिक क्लॅरिनेटं आणि हजारो पुस्तकं-ध्वनिमुद्रिका गेल्या. पण बुजुर्गांकडून घेतलेला सूर त्यांच्याजवळ राहिला आणि ते पुन्हा वाजवू लागले.

असो. वर्गात शिकलेलं आणि रस्त्यावर शिकलेलं यांत मी आयुष्यभर उंच-नीच करत आलो. आता दारावरून वरात गेली की मी गॅलरीत येतो आणि आधी क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा पाहतो.