संकेतस्थळाचा साचा

आशय व्यवस्थापन प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे दृश्यरूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच. व्यवहारात त्याला थीम किंवा टेम्प्लेट म्हणतात. मजकूर डेटाबेसमध्ये असतो. तो पानावर कुठे, कोणत्या फाँटमध्ये व किती रुंदीत दिसावा हे साचा ठरवतो.

वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली आली आणि २००५ च्या १.५ आवृत्तीत तिच्यात थीमची सोय झाली. तयार थीमच्या मूळ फाइलींत केलेले फेरफार पुढच्या अपडेटला पुसले जातात. म्हणून ‘चाइल्ड थीम’ करतात: वेगळ्या फोल्डरमध्ये एक स्टाइल फाइल, तिच्या माथ्यावर मूळ थीमच्या फोल्डरचे नाव आणि खाली बदललेले नियम तेवढे.

मराठी संकेतस्थळाला हे काम टाळता येत नाही, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिरावरील पानाला ‘९६ पायऱ्यांची विहीर’ असे शीर्षक द्यायचे आहे, असे समजा. थीमने अक्षरांमध्ये जादा अंतर ठेवले असेल, तर शिरोरेषा तुटते. ओळीची उंची कमी असेल, तर ‘विहीर’मधल्या वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. फाँट अपुरा असेल, तर ‘पायऱ्यांची’मधला ‘ऱ्या’ जुळत नाही. र पाय मोडून सुटा पडतो. जादा अंतर शून्यावर आणणे, ओळीची उंची वाढवणे आणि फाँट बदलणे, एवढ्याने पान सुधारते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, तर काही फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. ही नोंद एका ओळीची असते, तरी ती राहून जाते याची खंत वाटते.

सोलापूर जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सेवेवर आहे. करमाळ्यासह ११ तालुक्यांच्या या जिल्ह्याची माहिती तेथे मराठी व इंग्रजीत मिळते. अशा सेवेत तयार साच्यांतूनच निवड करायची असल्याने मोकळीक कमी. मात्र अक्षर लहानमोठे करणे, अंधांच्या स्क्रीन रीडरला पान वाचता येणे या सोयी साच्यातच येतात. खासगी थीम निवडतानाही त्या आधी तपासाव्यात.

साचा बसवतानाच पानांच्या पत्त्यांची पद्धत ठरवावी. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात ९ रोमन चिन्हांचे होते. ‘करमाळा’ एवढ्या शब्दाला ५४ लागतात. वर्डप्रेसची मर्यादा २०० असल्याने लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच कापला जातो.